भूत कुणाला करायचं? सांगलीतल्या एका लघुपटाचं प्रकरण

या लेखातल्या माणसांची नावं बदलली आहेत आणि चित्रीकरण झालं त्या गावाचं नाव मुद्दाम दिलेलं नाही. मंडळाच्या चर्चांची टिपणं ठेवण्याचं काम माझ्याकडे होतं. लघुपटाच्या चमूत मी नव्हतो. त्यामुळे पुढचं बरंचसं टिपणांवरून लिहिलं आहे, आणि जिथे माझं मत आहे तिथे ते माझं एकट्याचं आहे.

पार्श्वभूमी

सांगलीत एका वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये दर पंधरवड्याला सिनेमा बघणाऱ्यांचं एक छोटं मंडळ जमतं. कॉलेजची मुलं जास्त. त्यांच्याबरोबर एक निवृत्त शिक्षिका (सगळे त्यांना बाईच म्हणतात), बँकेतून निवृत्त झालेले एक काका आणि मिरजेहून येणारे एक डॉक्टर. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी 'सीता स्वयंवर' याच गावात उभं केलं. तेव्हापासून इथे दहा माणसं जमली की त्यातल्या चौघांना काहीतरी बसवायचंच असतं.

त्या पावसाळ्यात 'भयपट आणि समाज' अशी मालिका ठरली. सुरुवात जॉर्ज रोमेरोच्या १९६८ सालच्या 'नाईट ऑफ द लिव्हिंग डेड'ने झाली, आणि त्याचं पहिलं कारण फुकट हे होतं. वितरकाने ऐनवेळी सिनेमाचं नाव बदललं, नव्या नावाच्या पाटीवर हक्काची ओळ घालायची राहून गेली आणि तेव्हाच्या अमेरिकन कायद्याप्रमाणे सिनेमा थेट सार्वजनिक झाला. परवानगीचा खर्च न परवडणाऱ्या मंडळांना तो बरा पडतो.

सिनेमा मात्र फुकटातला नाही. मेलेली माणसं उठून जिवंतांना खायला लागली आहेत आणि माळावरच्या एका घरात सातजण अडकले आहेत. त्यातला शहाणा, हातपाय हलवणारा, दारंखिडक्यांना फळ्या ठोकणारा माणूस म्हणजे बेन. तो कृष्णवर्णीय आहे, आणि सिनेमाभर कुणीही त्याच्या रंगाचा उल्लेख करत नाही. ड्वेन जोन्सला निवडलं कारण चाचणीत तो सर्वांत चांगला ठरला, असं रोमेरो नेहमी सांगत असे. रात्रभर तगलेला एकटा बेन सकाळी खिडकीशी येतो. बाहेर शेरीफच्या माणसांची बंदूकधारी टोळी फिरते आहे. लांबून त्यांना तो त्या मेलेल्यांपैकीच एक वाटतो. एक गोळी, आणि पुढे श्रेयनामावलीत दाणेदार स्थिरचित्रं: आकड्यांनी ओढून नेलेलं प्रेत, लाकडांचा ढीग. प्रिंट गाडीत घालून रोमेरो न्यूयॉर्कला निघाला होता तेव्हा रेडिओवर मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येची बातमी लागली. शेवटच्या त्या स्थिरचित्रांसारखी चित्रं अमेरिकेच्या प्रेक्षकांनी वर्तमानपत्रांत आधी पाहिलेली होती, म्हणून ती अशी लागतात.

त्यानंतरचे दोन सिनेमे सभासदांनी आपापल्या घरी पाहून यायचे होते. एक जॉर्डन पीलचा 'गेट आउट' (२०१७), दुसरा बर्नार्ड रोझचा 'कँडीमॅन' (१९९२). शेवटी आपल्याकडचा 'लपाछपी', विशाल फुरियांचा. उसाच्या फडाने वेढलेलं घर, गर्भार बाई आणि स्त्रीभ्रूणहत्येतून उठलेली भुतं. हा सिनेमा २०१७च्या जुलैत लागला. त्याच वर्षी मार्चमध्ये मिरज तालुक्यातल्या म्हैसाळला पुरलेले १९ भ्रूण सापडले होते. त्यामुळे तो सांगलीत ज्यांनी थिएटरात पाहिला त्यांना त्यातलं काही कल्पित वाटलं नाही.

चर्चा छान होत होत्या. जरा जास्तच छान, असं माझ्या टिपणांवरून आज दिसतं. अमेरिकेतल्या वर्णद्वेषाचा सांगलीत बसून निषेध करायला काही पडत नाही. 'गेट आउट'मधलं श्रीमंत गोरं कुटुंब कसं गोड बोलत बोलत त्या कृष्णवर्णीय पोराचं शरीर बळकावायला निघतं, यावर सगळ्यांचं एकमत झालं. मग चहा आला. 'लपाछपी'नंतरसुद्धा बोट दाखवायला कुणी ना कुणी होतं: डॉक्टर, सासू, समाज. आपण कुणाला घाबरतो हा प्रश्न कुणी विचारला नाही.

एक अपवाद होता. बाई म्हणाल्या, आपल्या भुतांनाही जात असते. मुंजा म्हणजे मुंज होऊन लग्नाआधी गेलेला बटू, त्याला पिंपळाखाली पार मिळतो. ब्रह्मसमंधाला लोक दबकून असतात, त्याच्या कोड्यांना उत्तरं द्यावी लागतात. बाळंतपणात मेलेली बाई हडळ किंवा अलवंतीण होते, आणि तिला मिळतात खिळे, लिंबू आणि वाटेवर टाकलेले राळे. लोक हसले. मीही ते फक्त टिपून ठेवलं.

लघुपट आणि अडचण

दिवाळीत सुमितने पटकथा आणली. सुमित मंडळातला सर्वांत मेहनती मुलगा, आणि हे पुढचं वाचताना विसरू नये. गोष्ट अशी होती. चार मित्र वाळवा तालुक्यातल्या एका फार्महाउसवर पार्टीला जातात. शेजारच्या फडात पूर्वी एक ऊसतोड कामगार बाई बाळंत होताना मेली, कारण मुकादमाने (टोळी आणणाऱ्या ठेकेदाराने) दवाखान्यात न्यायला गाडी दिली नाही. तिचं भूत रात्री फडातून येतं. हातात कोयता, केस मोकळे, अंग काळं रंगवलेलं, तोंडी मराठवाड्याची बोली. एकेकाला गाठतं आणि शेवटी मुकादमाचा जीव घेतं.

सुमितच्या मते हा सामाजिक भयपट होता, आणि त्याचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. बाईवर अन्याय झाला आहे, भूत सूड घेतं, प्रेक्षक तिच्या बाजूने होतात. 'लपाछपी'तला ऊस होता आणि 'कँडीमॅन'मधला सूडही. शिवाय जागा फुकट होती, एका सभासदाच्या काकांचा फड.

तो फडच सगळ्यात मोठी अट होऊन बसला. कारखान्याची तोड आली की फड जातो. फडवाल्या काकांनी स्लिपबॉयला (तोडीचे नंबर बघणाऱ्या कारखान्याच्या माणसाला) विचारून सांगितलं, डिसेंबर अखेरीस कधीही नंबर लागेल. म्हणजे चित्रीकरण त्याआधी करायचं, नाहीतर उघड्या सऱ्यांमध्ये भूत लपवायचं.

ध्वनीचं काम वैशालीकडे होतं. बीड जिल्ह्यातली, आईवडील ऊसतोडीला या भागात येणारे. ती मामांकडे राहून इथेच शिकली. मंडळात हे तीनचार जणांनाच ठाऊक होतं, आणि ते सांगत फिरण्याची तिला गरज वाटत नव्हती. भुताची भूमिका शहरातली एक मुलगी करणार होती. तिला बोली जमेना. सुमित वैशालीला म्हणाला, "तुला येते ना तिकडची भाषा, हिला जरा शिकव. थोडी भयानक वाटली पाहिजे."

वैशाली त्यावर लगेच काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी तिने पटकथा परत दिली आणि सांगितलं, "दादा, ही बाई मेली कशी ते एका ओळीत आहे. ती घाबरवते कशी याला नऊ पानं आहेत. आणि माझ्या आईची भाषा ऐकून लोकांनी घाबरायचं हे मला रेकॉर्ड नाही करायचं."

बैठक बोलवावी लागली.

समोर काय काय होतं

पहिला सूर 'चालू ठेवा' असा. कॅमेरा भाड्याने ठरलेला, ॲडव्हान्स दिलेला, फड जाणार. बँकेतल्या काकांचं म्हणणं, एका मुलीच्या नाराजीसाठी सगळं का थांबवायचं. पाहिजे तर ध्वनीला दुसरं कुणीतरी बघू. हे बोलणं कानाला कठोर लागतं, पण अशा प्रसंगी बहुतेक मंडळं हेच करतात आणि वर त्याला व्यावसायिकपणा म्हणतात.

दुसरा पर्याय सगळ्यांना पटण्यासारखा होता: काळा रंग काढा, बोली काढा, बाकी तसंच ठेवा. सुमित याला लगेच तयार झाला. इथे डॉक्टरांनी 'कँडीमॅन' पुढे आणला, आणि माझ्या मते सबंध प्रकरणातला हा कळीचा क्षण.

'कँडीमॅन'ची मूळ कथा क्लाइव्ह बार्करची, इंग्लंडमधल्या गरिबांच्या सरकारी वसाहतीत घडणारी. रोझने ती उचलून शिकागोच्या कॅब्रिनी-ग्रीन या वसाहतीत आणली आणि तिथे आल्यावर ती वर्णाची गोष्ट झाली. भूत कोण? गुलामाचा मुलगा, चित्रकार. गोऱ्या जमीनदाराच्या मुलीवर प्रेम केलं म्हणून जमावाने त्याचा हात कापला, अंगाला मध फासून मधमाश्या सोडल्या. टोनी टॉडने तो असा उभा केला की त्याची भीतीही वाटते आणि कीवही येते. पण सिनेमा चालतो हेलन या गोऱ्या संशोधक बाईच्या मागे. वसाहतीत शिरताना आपण तिच्याबरोबर घाबरतो: अंधाऱ्या जिन्याला, भिंतीवरच्या चित्रांना, जिन्यात उभ्या काळ्या पोरांना. अन्याय काळ्या माणसावर झाला, भीतीही त्याचीच वाटायची. सिनेमात एक फार हुशार तपशील आहे. हेलनची स्वतःची महागडी इमारत मुळात तशीच गरिबांची वसाहत म्हणून बांधलेली असते, आराखडा तोच, फक्त नंतर गिलावा करून विकलेली. सिनेमाला हे दिसतं, तरी कॅमेरा मात्र हेलनच्याच खांद्यामागे राहतो.

डॉक्टर म्हणाले, आपल्या पटकथेत रंग पुसला तरी कॅमेरा फार्महाउसमध्येच आहे. फडात आहे ती बाई. आपण आतून बघतोय.

हे ऐकून सुमित चिडला. त्याचा मुद्दाही टिपून ठेवण्यासारखा आहे. सूड घेणारं भूत ही आपल्या लोककथेतली पीडितांची एकमेव ताकद आहे, तीही काढून घ्यायची? जिवंतपणी जिला कुणी विचारत नाही तिला मेल्यावर तरी लोक घाबरतात. यात तथ्य आहे. त्या बैठकीत त्याला नीट उत्तर मिळालं नाही, आणि मला अजून सापडलेलं नाही.

तिसरा पर्याय लघुपटच रद्द करण्याचा. तो फार वेळ कुणी धरला नाही.

चौथा, पटकथा वैशालीकडे देण्याचा. हा सुचवणाऱ्यांना आपण फार उदार होतोय असं वाटत होतं. वैशालीने तो दोन वाक्यांत मोडीत काढला: "मला साउंड करायचाय. तुम्ही लिहिलेलं तुम्हीच सुधरा." ज्याला टोचलं त्यानेच काटा काढायचा, फुकट, आणि शिवाय सगळ्यांचं समाधान होईल असा, ही अपेक्षा किती सहज तोंडात येते ते त्या दिवशी दिसलं.

मध्ये एक उपवाद निघाला. बँकेतले काका म्हणाले, अमेरिकेतला वर्ण आणि आपल्याकडचं हे एकाच मापाने कसं मोजता? बरोबर होतं. ऊसतोडीच्या टोळ्यांमध्ये वंजारी असतात, बंजारा असतात, दलित असतात, कोरडवाहू मराठाही असतात. त्यांना बांधून ठेवते ती मुकादमाची उचल (आगाऊ घेतलेले पैसे), नवराबायको मिळून एक कोयता म्हणजे एकच मजूर हा हिशोब आणि वर्षातले पाचसहा महिने गाव सोडून कोपीत, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत राहणं. जात यात आहे, पण एकटी जात नाही. २०१९ साली बीडमधल्या ऊसतोड बायकांची गर्भाशयं काढल्याचा विषय विधिमंडळात गाजला, तेव्हा मजुरी बुडू नये म्हणून बायका काय काय सोसतात हे राज्याने ऐकलं. अमेरिकन सिनेमाचा साचा उचलून त्यावर उसाचं पान चिकटवलं तर हे सगळं त्याखाली जातं. पण सुमितच्या पटकथेत बाईला जात नव्हती, उचल नव्हती, नावही नव्हतं. होता फक्त काळा रंग. तो कुठून आला असं विचारल्यावर त्याने प्रामाणिकपणे सांगितलं, "भूत तसंच असतं ना?"

काय केलं

बैठक तिथे संपली नाही, पुढच्या रविवारी परत बसली. मधल्या काळात बाईंनी एक गोष्ट केली. बाबासाहेब आंबेडकरांच्या आठवणींतला लहानपणच्या प्रवासाचा भाग त्यांनी सगळ्यांना वाचून यायला सांगितला.

साल १९०१ च्या आसपास. आंबेडकर तेव्हा नऊदहा वर्षांचे, साताऱ्यात शिकत होते. वडील खटाव तालुक्यात तलावाच्या सरकारी कामावर खजिनदार. सुट्टीत भेटायला या म्हणून त्यांनी मुलांना बोलावलं. नवे सदरे, जरीच्या टोप्या, रेशीमकाठी धोतरं घालून मुलं मसूर स्टेशनावर उतरली. न्यायला कुणी आलं नाही. स्टेशनमास्तर आधी मायेने चौकशी करतो. मुलं आपण महार असल्याचं सांगतात आणि त्याचा चेहरा बदलतो. बैलगाडीवाले नकार देतात. शेवटी एकजण दुप्पट भाड्यावर तयार होतो, पण गाडी मुलांनी हाकायची, तो बाजूने चालणार. रात्र होते. डबा आहे, पाणी नाही. जकातनाक्यावर मुसलमान असल्याचं सांगून पाणी मागतात, तरी मिळत नाही. उपाशी, तहानलेली, गाडीवानाच्या मनात काय आहे या भीतीने मुलं रात्र काढतात.

सांगलीहून रेल्वेने पुण्याला जाताना कराड सोडलं की मसूर लागतं. मंडळातल्या सगळ्यांनी ते स्टेशन खिडकीतून पाहिलेलं आहे.

बाईंनी फक्त एवढंच विचारलं, "हा भयपट आहे की नाही? आणि यात भूत कोण?"

सुमित बराच वेळ बोलला नाही. मग त्याने 'गेट आउट' पुन्हा काढला. पीलने तिथे केलेली करामत हीच: भयपटात नेहमी पहिल्यांदा मरणारा, नाहीतर भीती दाखवायला वापरला जाणारा कृष्णवर्णीय माणूस त्याने घाबरणाऱ्याच्या जागी आणला, आणि हिरवळ, चहाचा कप, गोड चौकशी यांना भयाण केलं. स्टेशनमास्तरचा बदलता चेहरा त्याला तिथे दिसला. दोन्हींकडे धोका सुरू होतो तो सभ्य प्रश्नापासून.

नवी पटकथा सुमितनेच लिहिली. बाई जिवंत आहे, गर्भार आहे, रात्री कळा सुरू झाल्यात. टोळीतले पुरुष भरलेल्या गाड्या घेऊन कारखान्यावर गेलेत. फार्महाउसवर दिवे दिसतात आणि अंगणात गाडी उभी आहे. ती मदत मागायला येते. आत चार मित्र भुताच्या गोष्टी सांगत बसलेत. खिडकीबाहेर त्यांना पांढऱ्या ओढणीसारखं काहीतरी आणि मोकळे केस दिसतात. ते दिवे घालवतात, कडी लावतात, एकजण मोबाइलवर चित्रण सुरू करतो. कॅमेरा पहिल्यापासून बाहेर, तिच्याबरोबर. आत बघतो ते फक्त काचेतून. खिडकीतल्या बेनकडे बघणाऱ्या टोळीला जे वाटलं तेच या चौघांना वाटतं. या आवृत्तीत भूत कुणीच नाही.

शेवटावर भांडण झालं. रोमेरोसारखा करायचा की पीलसारखा? पीलने आधी वेगळा शेवट चित्रित केला होता: पोलीस येतात, नायकाला पकडतात, तो तुरुंगात जातो. नंतर त्याने तो बदलला. आताच्या शेवटात दिवे चमकवत गाडी येते, प्रेक्षकांच्या पोटात गोळा येतो आणि आतून मित्र उतरतो. पोलिसांची वाटलेली गाडी बघून आपण का घाबरलो हे प्रेक्षकाला आपसूक कळतं, कुणी सांगावं लागत नाही. सुमितला दवाखान्याची गाडी आणायची होती. वैशाली म्हणाली, "रात्री कुठली गाडी येते तिकडं?" शेवटी बाई अंगणातून परत फडाकडे चालत जाते आणि चित्र तिथेच थांबतं.

भूमिकेसाठी चाचणी घेतली. मिरजेच्या एका हौशी नाट्यसंस्थेतली अभिनेत्री निवडली, रंगभूषा जवळजवळ नाही. बोलीचा प्रश्न उरला. इथे ड्वेन जोन्सची एक हकिगत कामी आली. बेनची भूमिका मूळ पटकथेत एका अडाणी ट्रकचालकाची होती, तसेच संवाद. सुशिक्षित जोन्सने ते तसे म्हणायला नकार दिला आणि आपले संवाद स्वतःच सुधारले. बोली काढून टाकायची की ठेवायची यावर मग वैशालीनेच तोडगा दिला: ठेवा, पण भीतीसाठी नको, कळण्यासाठी ठेवा. तिने संवाद फोनवर आईला वाचून दाखवले. आईने एकच दुरुस्ती केली. बाई दार वाजवणार नाही, पायरीही चढणार नाही. अंगणातच उभी राहून हाक मारेल, "ओ मालक, कुणी हाय का?"

त्या दुरुस्तीने सबंध दृश्यरचना बदलली. दार आणि बाई यांच्यामध्ये अख्खं अंगण आलं.

चित्रीकरण एका रात्रीत उरकलं, कारण फडवाल्या काकांचा निरोप आला की परवा तोड आहे.

काय निष्पन्न झालं

लघुपट वाचनालयाच्याच हॉलमध्ये दाखवला. प्रतिक्रिया दुभंगल्या. काहीजण म्हणाले भीती वाटली नाही, मग भयपट कसला. एकाने विचारलं, मध्ये राजकारण कशाला आणलं. दोनतीन बायकांनी सांगितलं की कडी लागल्याचा आवाज आला तेव्हा अंगावर काटा आला. तो आवाज वैशालीने वेगळा ध्वनिमुद्रित केला होता, फडवाल्या काकांच्या जुन्या गोठ्याच्या दाराचा.

एका लघुपट स्पर्धेने तो भयपट विभागातून काढून सामाजिक विभागात टाकला. सुमित भडकला. डॉक्टरांनी त्याला आठवण करून दिली की गोल्डन ग्लोब पुरस्कारांत 'गेट आउट' विनोदी आणि संगीतप्रधान सिनेमांच्या गटात गेला होता, तेव्हा पीलने हा तर माहितीपट आहे असं चेष्टेने लिहिलं होतं. त्याच सिनेमाला पुढे मूळ पटकथेचं ऑस्कर मिळालं, आणि त्या विभागात ते मिळवणारा पील पहिला कृष्णवर्णीय लेखक. याने सुमितचं समाधान झालं असेल असं वाटत नाही, कारण त्याला भयपट विभागातलंच बक्षीस हवं होतं.

मंडळात एक बदल मात्र झाला. पुढच्या मालिकेत 'ब्रमयुगम' हा २०२४ सालचा मल्याळम सिनेमा घेतला. सतराव्या शतकातला मलबार, पाणन जातीचा गायक आणि पडक्या वाड्यात पाहुणचार करून त्याला कोंडणारा नंबूद्री ब्राह्मण धनी. काळ्यापांढऱ्या रंगात धन्याच्या भूमिकेतला मामूट्टी फाशांच्या खेळात पणाला समोरच्याचा वेळच मागतो. या चर्चेत चहा उशिरा आला. लोक अमेरिकेबद्दल बोलतच नव्हते, आपापल्या गावच्या वाड्यांबद्दल बोलत होते, आणि काही ठिकाणी आवाज चढले.

वेगळं काय करता आलं असतं

सर्वांत पहिली गोष्ट, पटकथा वाचनाच्या वेळी भूत कुणाला केलंय हा प्रश्न विचारायचा. तो वैशालीला बोली शिकवायला सांगेपर्यंत आला नाही. बाईंनी भुतांच्या जातींबद्दल सांगितलं होतं तेव्हाच तो विचारता आला असता. पटकथेवर काम करणाऱ्या कुठल्याही गटाने पात्रांची यादी काढून एवढंच बघावं: आपल्याला कुणाची भीती वाटावी असं ठरवलंय, आणि त्या माणसाला नाव दिलंय का.

दुसरं, टोळीची परवानगी. चित्रीकरणाच्या जागेपासून कोप्या जवळच होत्या. चमूने मुकादमाला विचारलं, त्याने हो म्हटलं, काम सुरू झालं. बायकांना कुणी विचारलं नाही. एका जादा दृश्यात कोपीसमोर भाकरी थापणाऱ्या बाईने कॅमेरा वळताच तोंड फिरवलं. ते चित्रण वगळलं हे योग्य झालं, पण ज्या मुकादमाच्या जाचावर पहिली पटकथा बेतली होती त्याच्याच शब्दावर त्या बायकांची संमती गृहीत धरली, याकडे त्या रात्री कुणाचं लक्ष गेलं नाही. शिवाय तोड झाल्यावर टोळी दुसऱ्या गावी गेली आणि त्यांना लघुपट दाखवायचा राहूनच गेला. हे आधी ठरलं असतं तर कच्चं संकलन मोबाइलवर दाखवूनही काम झालं असतं.

तिसरी बाब वादाची आहे. नव्या लघुपटात बाईवर अन्याय होतो आणि ती परत जाते. पहिल्या पटकथेत ती निदान कोयता उगारत होती. सुमित अजून म्हणतो की आपण तिची ताकद काढून तिला बिचारी केली. मला नवी आवृत्ती जास्त चांगली वाटते, पण हा आक्षेप खोडता येत नाही. सूड आणि केविलवाणेपणा यांच्यामधलं काहीतरी शोधायला आणखी एक मसुदा लागला असता आणि तोवर फड गेला असता. पुढच्या वेळी जागा अशी निवडावी की जी कारखान्याच्या वेळापत्रकावर अवलंबून नाही.

वैशालीने लघुपट आईला पाठवला. आईने बघून विचारलं, एवढ्या रात्री ती एकटी कशी गेली, टोळीत दुसऱ्या बायका नव्हत्या का? कळा लागल्या तर कोपीतल्या बायका आधी गोळा होतात, एकीला दोघी धरून नेतात. पटकथेत गाड्यांबरोबर फक्त पुरुष गेले होते, मग बाकीच्या बायका कुठे गेल्या याचं उत्तर तिथे कुठेच नाही. सुमितने आता दोन बायका वाढवून तो प्रसंग पुन्हा लिहायला घेतलाय, आणि तीनजणी अंगणात उभ्या राहिल्या तर आतले चौघे कडी लावतील की नाही यावर मंडळात सध्या वाद चालू आहे.